गिधाडगडाची रसद

"पैज लावून सांगतो, हे तुम्ही मानणार नाही. आजवर सत्तावीस जणांना सांगून झालं. एकानंही मानलं नाही, आणि त्यांतला एक तर ज्योतिषी होता."

इमराननं चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबवली. शलाका मात्र पेन्सिलीला टोक काढतच राहिली.

आमच्या मांडवसरच्या प्रांतिक इतिहास संग्रहालयाची आणि ग्रंथालयाची ही मागची ओसरी. दुपारी चारला इथे चहा येतो, आणि चहा आला की मीही येतो. मला सगळे आबा म्हणतात. मी इथे कधीपासून येतो ते आता कुणालाच आठवत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही. ही दोघं संग्रहालयाची या वर्षीची फेलो. इमरान शेख फारसी फर्मानं वाचतो, शलाका पाटणे मोडी कागद. दुसऱ्या दिवशी दोघांना समितीपुढे उभं राहून सहा महिन्यांचं काम सांगायचं होतं. पटलं तर फेलोशिप पुढे चालू, नाही तर गाशा गुंडाळायचा. इमरान सकाळपासून एकच टिपण पुन्हा पुन्हा वाचत होता, म्हणून मी त्याला धीर देत होतो.

"तू उद्या कितीही माती खाल्लीस ना," मी म्हटलं, "तरी माझा विक्रम मोडणार नाहीस. याच समितीपुढे, पुढच्या त्या शस्त्रदालनात, मी असा आपटलो की भिंतीवरच्या ढाली पडल्या."

"आबा, तुम्ही फेलो होता? इथे?"

"होता होता राहिलो. सदुसष्ट साल. ऐका."

त्या काळी फेलोशिपला पाठ्यवृत्ती म्हणत, आणि ती एकच असे. वर्षभर मागच्या खोलीत राहायचं, दफ्तरखान्याची किल्ली कमरेला लावायची, आणि सापडेल ते लिहायचं. पण उमेदवार निवडायची रीत जगात कुठे नसेल अशी. दफ्तरखान्यात हजारावर रुमाल होते. रुमाल म्हणजे नाक पुसायचे नव्हेत. जुने कागद चौकोनी फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचं. प्रत्येक उमेदवारानं डोळे मिटून एक रुमाल उचलायचा, तीन दिवस तो वाचायचा, आणि चौथ्या दिवशी समितीपुढे त्यातून काय निघालं ते सांगायचं. कुणाची मदत घ्यायची नाही. ज्याच्या रुमालातून इतिहास निघेल, पाठ्यवृत्ती त्याची. ज्याच्या रुमालातून नुसती धूळ निघेल, त्यानं घरचा रस्ता धरायचा.

आणि धूळ काय निघायची महाराजा! सोमवारी टेबलावर विसरलेली टोपी गुरुवारपर्यंत अठराव्या शतकात जायची. एकदा एका पाहुण्यानं दाराशी छत्री ठेवली आणि गावात जेवून आला, तोवर अभिरक्षकांनी तिला क्रमांक देऊन कपाटात लावली होती.

"थापा," इमरान म्हणाला, पण हसला.

"छत्री अजून तिसऱ्या कपाटात आहे. जाऊन बघ. 'सरदार घराण्यातील छत्र, दांडा दुरुस्त केलेला.'"

तर त्या वर्षी उमेदवार दोन. एक मी, मुरलीधर गोंधळेकर. वय चोवीस, एम.ए., दुसरा वर्ग, तोही काठावर. वडिलांची नदीच्या पुलापाशी लाकडाची वखार. वडिलांनी मला एस.टी.त बसवताना सांगितलं होतं, "पाठ्यवृत्ती मिळाली तर तू इतिहासाचा. नाही मिळाली तर सोमवारपासून वखारीचा, आणि मग इतिहासाचं नाव काढायचं नाही." मला वखारीचं वावडं होतं. आत पाऊल टाकलं की शिंका सुरू, करवत ऐकली की दात शिवशिवायचे. तेव्हा माझा जन्म कागदात जाणार की लाकडाच्या भुशात, हे त्या चार दिवसांत ठरायचं होतं.

दुसऱ्या उमेदवार मिस इंदुमती सबनीस, नागपूरच्या. पहिला वर्ग. चष्म्याच्या वरून बघत, आणि ज्याच्याकडे बघत तो उगाचच सदऱ्याचं वरचं बटण लावून घेई.

आणि तिसरा बळवंत तुपे.

"तिसरा उमेदवार?"

"उमेदवार नव्हे, शिपाई. पण काय शिपाई! सहा फूट दोन इंच. छाती अशी की शस्त्रदालनातलं चिलखत त्याला काखेत घट्ट व्हायचं. मिशी तर अशी, की सहलीला आलेल्या एका मास्तरांनी मुलांना ती लिहून घ्यायला लावली, कुठल्या शतकातली म्हणून विचारलंसुद्धा. चालला की पायऱ्या अदबीनं बाजूला सरत."

"पायऱ्या?" शलाका म्हणाली.

"दगडी. आणि हे सगळं सोड. खरी गोष्ट त्याच्या हातात होती."

बळवंतरावांचा आजा कुणा देशमुखांच्या कचेरीत कारकून. त्यानं नातवाला बाराखडीच्या आधी मोडी शिकवली. अक्षर म्हणजे ओवलेले मोती. हे समितीला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त आजवरच्या फेलोंना, आणि ते कशाला बोलतात! ऐटीत रुमाल उघडायचे, पहिल्याच ओळीत ठेच लागली की दाराकडे बघायचं, आणि कुणी नाही अशी खात्री झाली की दबक्या आवाजात, "बळवंतराव, जरा बघता का?" बळवंतराव झाडू भिंतीला टेकवणार, एका नजरेत वाचणार, चिटोऱ्यावर अक्षर न् अक्षर सुटं करून दाखवणार, आणि झाडू उचलून पुढच्या खोलीत. तोवर मांडवसरातून अकरा प्रबंध बाहेर पडले होते. त्यांतले साडेनऊ त्या झाडूच्या हातानं वाचलेले.

"आणि अर्धा?" इमराननं विचारलं.

"त्या फेलोला मधेच कावीळ झाली."

"शिपायाची आरती फार लांबली, आबा," शलाका टोकावर फुंकर मारत म्हणाली. "तुमचं काय झालं ते सांगा."

माझं काय होणार? मला रुमाल लागला तो शेताच्या बांधांच्या भांडणांचा. याचा बांध त्यानं सरकवला, त्याचा आंबा यानं तोडला, दोघांच्या बायका विहिरीवर एकमेकींना काय म्हणाल्या. दोन दिवस मी बांधावरून चालत होतो, निम्मा वेळ बळवंतरावांचं बोट धरून. नियम मोडत होतो, पण सगळ्यांनीच मोडला होता. डोळे मिटले की वखार दिसे.

तिसऱ्या दिवशी रुमालाच्या तळाशी, फडक्याच्या घडीत, वीतभर कागद सापडला.

जुना जाड कागद. वर मायना नाही, खाली नाव नाही, तिथी नाही. अक्षर मात्र असं स्वच्छ की मी एकट्यानं वाचलं, एक ओळ सोडून. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. काटा कसला, माझा सदरा अंगापासून दोन बोटं वर उचलला गेला.

आता तुम्हाला गिधाडगड सांगायला हवा. मांडवसरच्या उत्तरेला तो सुळका दिसतो ना, तो. अडीचशे वर्षांपूर्वी त्याला वेढा पडला. तीन महिने गडावर मुंगी चढली नाही. कोठारं रिकामी झाली. आणि एके दिवशी, काही कारण नसताना, शत्रूच वेढा उठवून चालता झाला. का? या एका प्रश्नावर आमच्या प्रांतातले चार विद्वान म्हातारे झाले. दोघांची बोलाचाल बंद झाली ती एकाच्या तेराव्यापर्यंत.

आणि माझ्या हातात त्याचं उत्तर! रसदीची यादी!

संशोधकाला काही सापडलं की तो अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा होतो. जवळ येईल त्याला चोच. बळवंतराव दारात आले, "आज काही अडलं का, साहेब?" मी चटकन कागद वहीखाली सारला. "काही नाही. तुम्ही झाडून घ्या." त्या वेळी तो कागद त्यांना नुसता दाखवला असता, तर आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगत नसतो. पण नाही दाखवला.

चौथा दिवस. सकाळी अकरा वाजता शस्त्रदालन. भिंतीला पट्टे, भाले, ढाली. मधे लांब टेबल. टेबलामागे समिती. अध्यक्ष तात्यासाहेब निंबकर, निवृत्त न्यायाधीश, आजन्म ब्रह्मचारी. प्राचार्य घाणेकर, लग्न झालेले, पण पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उठून न घेतलेले. आणि अभिरक्षक नानासाहेब उपळेकर, ज्यांनी दफ्तराशीच संसार मांडला होता. तिघांचा मिळून स्वयंपाकघराशी संबंध पाटापासून ताटापर्यंत.

आधी मिस सबनीस बोलल्या. जुन्या कालव्यांवर. बिनचूक, नेटकं, वीस मिनिटं. तात्यासाहेब दोनदा पेंगले आणि दोन्ही वेळा जागे होऊन "उत्तम" म्हणाले. पाठ्यवृत्ती त्यांच्याकडे निघालीच होती.

मग मी उठलो. घसा खाकरला आणि यादी वाचली.

"डिंक. खारीक. खोबरं. गूळ. सुंठ. अळीव. ओवा. शेपा. वेखंड. ऊद. लहान शेगडी एक. दोरी मजबूत, आठ हात. लंगोटी बारा. सर्व बुधवारचे आत पोचते करणे, न केल्यास आमची धडगत नाही."

दालनात टाचणी पडली असती तर तोफेसारखी वाजली असती.

"सज्जनहो," मी म्हटलं, "यात धान्य नाही. का नाही? धान्याला चूल लागते, चुलीचा धूर शत्रूला दिसतो. ही न शिजवता खायची रसद आहे! डिंक, खारीक, खोबरं, गूळ. मूठभर खाल्लं की शिपाई दिवसभर तटावर उभा."

"वा!" प्राचार्य घाणेकर पुढे सरकले.

"सुंठ, ओवा आणि शेपा. वेढ्यात पोटं बिघडतात."

"बिघडतात! माझं प्रवासातसुद्धा बिघडतं."

"ऊद आणि शेगडी. धुराच्या खुणा!"

तात्यासाहेबांनी बोट वर केलं. शेवटी न्यायाधीश. "आत्ताच तुम्ही म्हणालात, धूर दिसू द्यायचा नव्हता."

"शत्रूला नव्हता द्यायचा, साहेब. मित्राला द्यायचा होता."

"असं होय. चालू द्या."

"दोरी, आठ हात. गडाच्या कड्यावरून उतरायला."

"कडा तीनशे हात आहे," नानासाहेब म्हणाले.

"शेवटचे आठ हात, नानासाहेब. माणसं तिथेच पडतात."

नानासाहेबांनी मान डोलावली. मी थांबलो. पाणी प्यालो. आवाज खाली आणला.

"आणि बारा लंगोट्या."

"बारा!" प्राचार्य कुजबुजले.

"बारा मल्ल, सर. अंगाला तेल, दातांत सुरी, कमरेला एवढंच वस्त्र. दोरीनं उतरले, शत्रूच्या गोटात घुसले, आणि सकाळी वेढा नव्हता!"

काय सांगू तुम्हाला! प्राचार्य उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "बारा लंगोट्यांनी प्रांत वाचवला!" असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली, तर भिंतीवरच्या दोन ढाली खाली आल्या. हेच वाक्य गडाच्या पायथ्याशी शिळेवर कोरायचं ठरलं. शिळा कुठल्या खाणीतून आणायची यावर वाद सुरू झाला. तात्यासाहेब तारेचा मजकूर लिहायला लागले. मी खुर्चीत बसलो. वखार माझ्यापासून लांब लांब, क्षितिजापलीकडे चालली होती, तिची करवतसुद्धा ऐकू येईना.

फक्त मिस सबनीसांना काहीतरी होत होतं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला होता. या वेळी नाक पुसायचा. खांदे हलत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"बाई, आपल्याला बरं वाटत नाही का?" तात्यासाहेब म्हणाले. "हार-जीत चालायचीच."

"मला तो कागद बघायला मिळेल?"

त्यांनी कागद घेतला. एकदा वाचला. "यातली एक ओळ वाचायची राहिलीय."

"ती अस्पष्ट आहे," मी म्हटलं.

"अस्पष्ट नाही हो. 'ग्राइप वॉटर, बाटली एक.'"

शेवटी प्राचार्य घाणेकर सावकाश म्हणाले, "डचांकडून आलं असेल."

"घाणेकर, खाली बसा," तात्यासाहेब म्हणाले. "बाई, ही यादी कसली आहे?"

"बाळंतिणीची, साहेब. डिंकाचे लाडू. अळिवाची खीर. शेगडीवर ओवा आणि ऊद टाकून बाळाला धुरी द्यायची. दोरी पाळण्याची. आणि त्या बारा लंगोट्या..." बाईंना पुढे बोलवेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "त्यांतला मल्ल अजून रांगायचाय."

"मग 'आमची धडगत नाही'?"

"सासूबाई आल्या असतील घरी."

इथे इमरान बाकावरून खाली घसरला. शलाकासुद्धा पेन्सिल टाकून हसायला लागली. मी दोघांचं हसणं पुरं होऊ दिलं, कारण त्या दिवशी शस्त्रदालनातही अस्संच झालं होतं. तात्यासाहेब हसले. प्राचार्य आधी चिडले, मग हसले. भिंतीवरची राहिलेली ढाल हसून खाली पडली.

हसले नाहीत ते एकटे नानासाहेब. ते कागद उजेडाला धरून उभे होते.

"कागद जुना आहे," ते म्हणाले. "कागद खराच जुना आहे."

त्यांनी माझा रुमाल ओढला, एकेक पत्र काढलं, आणि एका पत्राचं खालचं टोक त्या यादीच्या वरच्या कडेला लावलं. दोन्ही कडा अशा मिळाल्या, जशा ओंजळीत दोन हात.

"दफ्तरातला कागद फाडलाय," नानासाहेब म्हणाले. "पत्राचा कोरा भाग फाडून त्यावर वाणसामान लिहिलंय."

या माणसानं एकदा कसरीनं एका पत्राचा कोपरा खाल्ला म्हणून नऊ दिवस एकभुक्त केलं होतं. आता दालनात कुणीच हसत नव्हतं.

"ज्याचं हे अक्षर, तो आज या इमारतीतून कायमचा बाहेर जाईल. मग तो कुणी का असेना. इमारतीतल्या प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, आत्ता या टेबलापाशी यायचं आणि मोडीत एक ओळ लिहून दाखवायची."

तेव्हा दाराशी कप वाजायला लागले.

दारात बळवंत तुपे चहाचा ट्रे धरून उभे होते. त्यांच्या घरी आठ दिवसांपूर्वी पहिला मुलगा झाला होता. घर म्हणजे संग्रहालयाच्याच आवारातली खोली. नोकरी गेली की खोली गेली, बाळंतीण आणि पाळणा रस्त्यावर. मुलगा झाला त्याच दिवशी सासूबाई दफ्तरखान्याच्या खिडकीत उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "डिंक लिवा. लिवला का? खारीक लिवा," आणि हाताशी कागद नव्हता. समोर रुमाल उघडा. एका पत्राचं कोरं शेपूट लोंबत होतं. फाडलं, लिहिलं. तेवढ्यात नानासाहेबांच्या वहाणा वाजल्या, तशी यादी रुमालात आणि रुमालाला गाठ. पुढे कुठला रुमाल ते आठवेना. सामान आठवून आठवून आणलं. ओवा तेवढा राहिला, त्यावरून सासूबाईंनी त्यांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला.

आणि मला त्या क्षणी अक्षर कळलं. दोन दिवस मी तेच अक्षर चिटोऱ्यांवर बघत होतो. पण ज्याला एकदा बारा मल्ल दिसायला लागले, त्याला अक्षर कुठून दिसणार? मी मागे वळून दाराकडे पाहिलं. बळवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलणार होते. शपथेवर सांगतो, त्यांचे ओठ हलले होते. पण आवाज फुटला नाही. नुसते कप वाजत राहिले.

मी पुन्हा समितीकडे तोंड केलं. उजव्या कानामागून घामाचा एक थेंब निघाला, मानेवरच्या काळ्या तिळापाशी जरासा अडला, तिळाला वळसा घालून कॉलरच्या आत उतरला. मग मी उठलो.

"नानासाहेब, कुणाला त्रास देऊ नका. कागद मी फाडला. यादी माझी आहे."

"तुमची? तुमच्या घरी कोण बाळंत आहे?"

"कुणी नाही. म्हटलं, समितीची परीक्षा घ्यावी. तीन विद्वान किती वेळात ओळखतात ते बघावं."

प्राचार्यांचा चेहरा बिटासारखा झाला. तात्यासाहेबांनी तारेचा कागद चुरगाळला. नानासाहेब म्हणाले, "मग लिहून दाखवा. लिहा एक ओळ."

आता आली का पंचाईत! माझी मोडी म्हणजे शाईत बुडून पळालेली मुंगी. पण मिस सबनीस मधे पडल्या. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि चष्मा नीट बसवत म्हणाल्या, "साहेब, गुन्हा कबूल केल्यावर पुरावा मागायची पद्धत आहे का?"

"नाही," तात्यासाहेब म्हणाले. "नाही मागत."

संपलं. पाठ्यवृत्ती बाईंची. मी वह्या पिशवीत भरल्या. दाराशी आलो तसा ट्रेमधला एक कप उचलला, उभ्या उभ्या संपवला, आणि हळूच म्हटलं, "बळवंतराव, ओवा विसरू नका." दुपारी तीनच्या एस.टी.नं निघालो तो थेट वखारीत. एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आणि मग?" इमराननं विचारलं.

"मग काय? सागवान, शिसव, सागवान, शिसव. आणि जन्मभर शिंका."

"पुन्हा इथे कधी...?"

"कधीच नाही. एक पत्र आलं... म्हणजे, धाडलं होतं मी, बळवंतरावांना. पोरगं चालायला लागलं का, एवढंच विचारलं होतं. मोडीत. दर शब्दाला चूक."

इमराननं डोळे मनगटानं पुसले. आधी हसून आलेलं पाणी होतं, आता दुसरं होतं. तो खाली वाकला आणि चक्क माझ्या पायांना हात लावला. "आबा, तुम्ही फार मोठे आहात हो. दुसऱ्याच्या पोराच्या पाळण्यासाठी कोण सोडतं एवढं!"

अशा वेळी काही बोलू नये. मी नम्रपणे मान खाली घातली. चांगली खाली घातली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत.

शलाका उठली. मला वाटलं, तीही पाया पडणार. पण ती पुढे आली नाही. बाकाला वळसा घालून माझ्या मागे गेली आणि तिथेच उभी राहिली.

"काय बघतेस गं?" मी मान वर न करता विचारलं.

"तुमच्या मानेवर तीळ नाही, आबा."

"जातात. वयपरत्वे जातात तीळ."

"आणि असता, तरी तुम्हाला दिसला नसता. स्वतःच्या मानेवरून घाम उतरताना कुणाला दिसतो? तो दिसतो मागे दारात उभं राहिलेल्याला." ती पुन्हा समोर आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. हसत होती, पण आवाज हसत नव्हता. "खोटं बोलताय तुम्ही. इथे परत 'कधीच नाही' आलेला माणूस रोज चारला चहाला कसा येतो? वखारीत गेला तो मुरलीधर गोंधळेकर दुसराच कुणीतरी होता. ट्रे तुमच्या हातात होता, बळवंतराव."